काई टाकची चौकटींची टेकडी

हाँगकाँगचा काई टाक विमानतळ जुलै १९९८मध्ये बंद झाला. परंतु व्यापारानिमित्त तेथे उतरलेल्या जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर खिडकीलगतच्या त्या गच्च्या आजही उभ्या राहतात.

पश्चिमेकडून येणारे विमान रेडिओसंकेतांच्या आधारे थेट एका टेकडीच्या रोखाने येई. टेकडीवर बुद्धिबळाच्या पटासारख्या ठळक चौकटी रंगविलेल्या होत्या. तेथे यंत्राचे साहाय्य संपे. पुढे वैमानिकाने स्वतःच्या डोळ्यांनी धावपट्टी पाहून, कौलूनच्या घरांवरून, उजवीकडे ४७ अंशांचे वळण घ्यायचे. वळण पुरे होते न होते तोच धावपट्टी समोर येई. आडवा वारा असला की हे काम अधिकच अवघड.

खरी कसोटी मात्र निराळीच होती. ढगांमुळे पुढचे काही दिसले नाही, तर उतरण्याचा मोह आवरून विमान पुन्हा वर न्यायचे, हा नियम होता. शेकडो प्रवासी खोळंबले तरी त्यात सवलत नसे.

ईर्यासमिती पाळणारे मुनी समोरची चार हात भूमी निरखूनच पाऊल टाकतात. काई टाकच्या आकाशातही रक्षण कौशल्याइतकेच या संयमाने होई : जे दिसले नाही, तिकडे जायचे नाही.