नोटिशीला उत्तर

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. ईशाची नमाज आटोपून आम्ही चार-पाच जण नेहमीप्रमाणे मशिदीच्या पायरीवर बसलो होतो. गल्लीतला एक बाप मुलाला पुढे घालून आला. पोरगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. हातात कॉलेजची नोटीस. आदल्या आठवड्यात तो आणि त्याचा एक मित्र कॉलेजच्या फाटकाबाहेर अर्धा तास पुठ्ठा धरून उभे राहिले होते. ‘गाझातली मुलंही मुलंच आहेत’ एवढेच त्यावर मराठीत लिहिलेले. घोषणा नाही, झेंडा नाही. कुणीतरी फोटो काढून वर पाठवला. शिस्तभंगाबद्दल तीन दिवसांत माफीनामा द्यावा, अन्यथा परीक्षेचा अर्ज घेतला जाणार नाही, असे दोघांनाही बजावण्यात आले होते.

खरे सांगायचे तर त्याची पहिली चौकशी कॉलेजने नाही, आम्हीच केली. “तुला काय नडलं होतं?” “गाझा कुठं, कोल्हापूर कुठं?” एकाने जून महिन्याची आठवण दिली. मोबाइलवरच्या स्टेटसवरून ७ जूनला कोल्हापूर बंद झाले, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट तुटले. तेव्हापासून आमच्या घराघरांत रात्री पोरांचे मोबाइल तपासले जात होते. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीपोटी आम्ही त्याला ऐकून न घेताच गुन्हेगार ठरवून मोकळे झालो. बाप म्हणाला, “लिहून दे आणि सुट एकदाचा.”

पोराने मान खाली घालूनच विचारले, “लिहितो अब्बा. पण कशाची माफी म्हणून लिहू?”

कुणी बोलेना. आमच्यातल्या निवृत्त मास्तरांनी चष्मा लावून नोटीस पुन्हा वाचली. कोणता नियम मोडला, तक्रार कुणाची, काहीच लिहिलेले नव्हते. आम्ही सगळ्यांनी ती हाताळली होती, वाचली मात्र कुणीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलांकडे बसून उत्तर तयार केले. नियमाचा क्रमांक कळवावा, तक्रारीची प्रत द्यावी, म्हणणे मांडायची संधी द्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. तिची चौकशीही अर्जात केली. दोन प्रती काढल्या. आवक विभागातला कारकून पोच द्यायला तयार नव्हता. “साहेब आल्यावर बघू” म्हणाला. मास्तर, पोरगा आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. दोन तासांनी शिक्का मिळाला. एवढ्याशा जांभळ्या शिक्क्याने पोराच्या चेहऱ्यावर रंग आला.

त्याच दिवसांत आयआयटी मुंबईत पॅलेस्टाईनवरचा चित्रपट दाखवून व्याख्यान झाले म्हणून पवई पोलिसांकडे तक्रार गेली. अचिन वनाईक यांचे भाषण रद्द झाले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एका दलित संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केले. त्याची सुटका व्हायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि मे २०२५ उजाडले. त्याच महिन्यात पुण्यात १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला एका पोस्टवरून, तिचे ऐकून न घेता, कॉलेजने काढून टाकले. अटकही झाली. उच्च न्यायालयाने जामीन दिला, कॉलेजचा आदेश थांबवला, पण मधले पेपर बुडायचे ते बुडाले.

जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शने करू द्या, अशी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. आधी आपल्या देशाचे प्रश्न बघा, असेही सुनावले. (निदर्शने पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर झाली.) बातमी वाचून आम्ही चपापलो. हे तर आमच्याच पायरीवरचे बोलणे! ज्या पोराला आम्ही ‘गाझा कुठं’ विचारले, तो जुलै २०२१ च्या महापुरात शिरोळकडच्या छावण्यांत दूध-भाकरी पोचवत फिरला होता. तेव्हा त्याला कुणी ‘शिरोळ कुठं’ विचारले नव्हते. आणि पॅलेस्टाईनला १९८८ मध्ये मान्यता देणारा देश आपलाच.

आमच्या उत्तराला कॉलेजचे उत्तर आलेच नाही. परीक्षेचा अर्ज मात्र मुकाट्याने घेतला गेला. पोरगा पास झाला.

दुसऱ्याच्या घरीही आम्ही गेलो होतो. बाप शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. चहा पाजला, म्हणाला, “तुमचं बरोबर असंल, पण मला पोरगी उजवायची हाय.” त्याच संध्याकाळी माफीनामा गेला. आम्ही आग्रह केला नाही. करायला हवा होता की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

गेल्या महिन्यात तो मुलगा पायरीवर आला. एम.एस्सी. करायची राहिली, आता नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला हवा होता. कारकुनाने फाईल उघडली, वरच त्याचा माफीनामा. दाखला अडला.

“चाचा, लिहून दिलेला माफीनामा परत मागता येतो का?”

मास्तरांनी विचारले, “त्यात काय लिहिलं होतंस? प्रत आहे का तुझ्याकडं?”

प्रत त्याच्याकडे नव्हती. कॉलेजने मजकूर टाइप करूनच ठेवला होता. त्याने फक्त सही केली होती.