दोन पॉइंटांमधले २५ सेकंद

मी परळचा. लहानपण कबड्डी बघण्यात गेलं, टेनिस हाती आलं ते शिवाजी पार्कला. कबड्डीत शेवटची दोन मिनिटं उरली आणि आघाडी आपली असली, की चढाईपटू ३० सेकंद अंगणात काढून सुखरूप परततो. टेनिसमध्ये घड्याळ कुणाच्याच मदतीला येत नाही. ५-२ ची आघाडी असो की ४०-०, शेवटचा पॉइंट स्वतःलाच मिळवावा लागतो.

म्हणूनच इथे पिछाडीपेक्षा आघाडीची भीती जास्त वाटते. मॅच हातातोंडाशी आली की हात आखडतो. रॅकेटवरची पकड घट्ट होते, श्वास छातीतच अडकतो, टॉस बुटका पडतो आणि सेकंड सर्व्हिस नेटमध्ये जाते. सकाळच्या सरावात हीच सर्व्हिस न चुकता पडलेली असते. तंत्र तेच असतं. मन तेवढं चेंडू सोडून निकालाकडे धावलेलं असतं.

आमचे सर सांगायचे, रॅली काही सेकंदांची. नियमाने दोन पॉइंटांमध्ये मिळतात २५ सेकंद आणि बाजू बदलताना ९०. मन बिघडतं ते याच वेळात, म्हणून सावरायचंही इथेच. त्यांनी क्रम घालून दिला. पॉइंट संपला की नेटकडे पाठ करायची. रॅकेट डाव्या हातात घेऊन उजवा सैल सोडायचा. नजर तारांवर ठेवून श्वास सावकाश बाहेर सोडायचा. सर्व्हिस कुठे टाकायची ते एकदाच ठरवायचं, चेंडू आपटायचा आणि खेळायचं. पॉइंट मिळाला तरी हेच, गेला तरी हेच. मनाला असं छोटं, ठरलेलं काम दिलं की निकालाचा विचार करायला त्याला सवड उरत नाही.

शिवाजी पार्कात शांतता मागून मिळत नाही. मैदानावर क्रिकेटची अपिलं चालू असतात, गणपती जवळ आले की ढोल ऐकू येतात. त्या आवाजाशी भांडलं की पॉइंट जातो. तो कानावर पडू द्यायचा आणि तारांकडे बघायचं, हे मी तिथेच शिकलो.

रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथच्या पदवीदान समारंभात सांगितलं, की कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले, पॉइंट मात्र ५४ टक्केच. एवढ्या मोठ्या खेळाडूचेही जवळपास निम्मे पॉइंट जात असतील, तर गेलेला पॉइंट उगाळत बसण्यात काय अर्थ? गेलेल्या मॅचचंही तसंच. नंदू नाटेकर टेनिसच्या ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुढे त्यांच्या मुलाने, गौरवने, १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेससोबत टेनिस दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं.

आता मुलांच्या स्पर्धा बघायला जातो, तेव्हा एक गोष्ट खटकते. पॉइंट गेला की मूल आधी जाळीबाहेर आई-बाबांचा चेहरा बघतं. तिथे कपाळाला आठी दिसली, की पुढच्या सर्व्हिसला त्याचा हात आखडलाच. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: टाळ्या वाजवा, पाणी द्या, मॅचनंतर हवं तेवढं बोला, पण दोन पॉइंटांमधले ते २५ सेकंद मुलांचे मुलांनाच राहू द्या. मन सावरायला ती तिथेच शिकतात.