कुकर आम्ही परत दिला नाही

वहिनीचा उजवा हात आणि मान भाजली, तेव्हा कुकर घेऊन वर्षही झालं नव्हतं. वरणभात लावला होता. एकही शिट्टी न होता झाकण उडालं. शिट्टीची नळी चोंदली तर उष्णतेने सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफेला वाट मिळायला हवी. हा व्हॉल्व्ह जसाच्या तसा होता.

ती दवाखान्यातून घरी आली आणि दुकानदार कंपनीच्या माणसाला घेऊन आला. सोबत नवा कोरा कुकर. "हा ठेवा, जुना द्या, तपासायला पाठवतो." मग प्रश्न सुरू झाले. पाणी किती घातलं होतं? डाळ जास्त झाली होती का? रिंग कधी बदलली? पट्ट्या बांधलेल्या हाताने वहिनी एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, जणू गुन्हा तिनेच केला होता. वस्तू चुकीची वापरली असं एकदा ठरलं की भरपाईचा विषयच संपतो, म्हणून ते प्रश्न होते.

शेजारचे काका ग्राहक चळवळीत काम करतात. ते म्हणाले, "कुकर द्यायचा नाही आणि घासायचाही नाही." करपलेल्या डाळीसकट आम्ही तो पिशवीत बांधून ठेवला. बिल, खोका, दवाखान्याचे कागद, जखमांचे फोटो, सगळं एकत्र केलं. तेव्हाच लक्षात आलं की कुकरवर आयएसआयचा शिक्का नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून असा कुकर विकायला बंदी आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनाही दंड केला होता.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. घडणीत किंवा रचनेत दोष असेल, किंवा सुरक्षित वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादकाला भरपाई द्यावी लागते. त्याच्या मनात काय होतं, हे आपण सिद्ध करायचं नसतं. सिद्ध करायचा तो दोष, आणि दोष त्या न घासलेल्या कुकरमध्येच होता.

तक्रार आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता आली. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नव्हतं. वकील लावायची सक्तीही नव्हती. आयोगाने कुकर प्रयोगशाळेत पाठवला. व्हॉल्व्ह सदोष असल्याचा अहवाल आला आणि उपचारांचा खर्च व भरपाई देण्याचा आदेश झाला. वहिनीने आदेशाचं ते पान स्वतः दोनदा वाचलं. पैशांपेक्षा तिला हवं होतं ते त्यात लिहिलेलं होतं: वापरात चूक झाल्याचा पुरावा नाही.

कुणावर अशी वेळ आली तर आधी उपचार करा. मग वस्तू आहे तशी जपा, बदली वस्तू घेऊन सही करू नका, दोन वर्षांच्या आत तक्रार करा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर माहिती मिळते. आणि घरातल्या बाईला "पाणी किती घातलं होतंस?" असं विचारण्याआधी, कुकर बनवणाऱ्याने काय केलं होतं ते विचारा.