पाण्यावर उतरणारी मावशी

नॉर्वेचा नकाशा एकदा निवांत बघा. पश्चिमेचा सगळा किनारा उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. समुद्राचे चिंचोळे फाटे डोंगरांच्या पोटात मैलोगणती आत शिरलेले. त्यांना तिकडे फियोर्ड म्हणतात. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण जमिनीवरून जायचे तर अख्ख्या डोंगराला वळसा! अशा मुलखात रस्त्यापेक्षा पाणी जवळचे. १८९३ साली सुरू झालेली ‘हुर्तिग्रुतेन’ ही किनारी बोटसेवा म्हणूनच तेथील लोकांचा आधार ठरली. पण बर्गनहून पार रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोचायला या बोटीला आजही सहा-सात दिवस लागतात.

मग विमान? त्यासाठी सपाट जागा कुठून आणायची? नॉर्वेकरांनी समुद्रालाच धावपट्टी मानले. डीएनएल या त्यांच्या विमान कंपनीने १९३५ मध्ये किनाऱ्यावर प्रवासी सेवा सुरू केली, ती जर्मन बनावटीच्या ‘जंकर्स यू-५२’ विमानाने. तीन इंजिने आणि अंगावर घराच्या छपराला घालतात तसा पन्हाळी पत्रा. चाके काढून त्या जागी होडीच्या आकाराचे दोन पोकळ फ्लोट बसवले की विमान पाण्यावर उतरायला तयार! जर्मन लोक या विमानाला लाडाने ‘टांटे यू’ म्हणत. टांटे म्हणजे मावशी.

मावशीचा प्रवास सोपा मात्र नव्हता. धुके दाटले की डोंगर आणि ढग यांतला फरक कळत नसे. १६ जून १९३६ रोजी बर्गनहून उत्तरेकडे निघालेले ‘हावर्न’ हे विमान लिहेस्टेन डोंगरावर आदळले. आतले सातही जण गेले. नॉर्वेच्या प्रवासी विमानसेवेतला हा पहिलाच जीवघेणा अपघात. तरीही सेवा बंद पडली नाही, कारण लोकांना तिची गरज होती.

त्याच वर्षी डीएनएलकडे आणखी एक यू-५२ आले. त्याची कहाणी एखाद्या कादंबरीसारखी आहे. लुफ्तान्झाकडे ते डी-एक्यूयूआय या क्रमांकाने नोंदले होते. नाव होते ‘फ्रिट्झ सिमोन’. नॉर्वेत आल्यावर ते झाले ‘फाल्केन’, म्हणजे ससाणा. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला, विमान ताब्यात घेतले आणि जुना क्रमांक पुन्हा रंगवला. नाव मात्र तिसरेच ठेवले. युद्ध संपले, विमान नॉर्वेकडे परत आले आणि त्याला चौथे नाव मिळाले, ‘आस्केलाडेन’.

हा आस्केलाडेन नॉर्वेच्या लोककथांतला धाकटा भाऊ. चुलीपाशी राखेत खेळत बसणारा, ज्याला सगळे बिनकामाचा समजतात आणि जो शेवटी राजकन्या आणि अर्धे राज्य मिळवतो. आपल्याकडे मराठी आजी असो की कन्नड अज्जी, असला धाकटा दोघींच्याही गोष्टींत भेटतोच.

नाव शोभून दिसले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नॉर्वेचा उत्तर टोकाचा फिनमार्क प्रांत जाळून टाकला होता. हॅमरफेस्ट शहर बेचिराख झाले होते. त्या उजाड किनाऱ्यावर, ट्रोम्सो ते किर्केनेस मार्गावर, आस्केलाडेनने १९५६ पर्यंत प्रवासी वाहिले. ज्यांनी तो मुलूख जाळला त्यांच्याच देशात घडलेले हे विमान, पण लोकांनी ते आपले मानले. खाऱ्या पाण्याने त्याचा सांगाडा इतका खाल्ला होता की युद्धानंतर दुसऱ्या यू-५२ चा सांगाडा त्याला बसवावा लागला होता.

पुढे फ्लोट गेले आणि चाके आली. १९५७ मध्ये विमान दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरला विकले गेले आणि ‘अमेझोनास’ नावाने जंगलांवरून उडू लागले. १९६३ नंतर काही वर्षे ते किटोच्या विमानतळावर नुसते पडून होते. नंतर ते अमेरिकेत गेले. तेथे मार्टिन केडिन या लेखकाने १९७५ मध्ये ते विकत घेतले आणि नाव दिले ‘आयर्न अ‍ॅनी’. अखेर १९८४ मध्ये लुफ्तान्झाने ते परत विकत घेतले. हॅम्बुर्गला डागडुजी होऊन १९८६ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, मावशी पुन्हा आकाशात! पुढची तीस-बत्तीस वर्षे हौशी प्रवाशांना फिरवून २०१८ च्या हंगामानंतर ती थांबली.

आता सांगा, हे विमान कोणाचे? सांगाडा बदलला, क्रमांक बदलले, नावे तर प्रत्येक धन्याने आपापली ठेवली. जर्मन म्हणतात आमचे, नॉर्वेकरही म्हणू शकतात आमचे. दोघेही खोटे नाहीत. गावाच्या पाटीवर दोन लिप्या आणि घरात दोन भाषा असणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला पाटीवरचे नाव महत्त्वाचे नव्हते. तीन इंजिनांचा आवाज डोंगराआडून ऐकू आला, की आपले विमान आले, एवढेच त्याला पुरे होते.