मेटालिका 'बदलली' ती नेमकी केव्हा? चाहत्यांच्या आठवणी आणि कालखंडांच्या रेषा

१/
'ऱ्हासाला सुरुवात केव्हा झाली?' या प्रश्नाइतके वाद इतिहासात फार थोड्या प्रश्नांवर झाले असतील. मराठी सत्तेच्या उतरणीचा आरंभ कोणी १७६१ च्या पानिपतापासून धरतो, कोणी १७७२ मधील माधवराव पेशव्यांच्या मृत्यूपासून, तर कोणी १८०२ च्या वसईच्या तहापासून. असाच एक वाद गेली चाळीस वर्षे मेटालिका या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांत चालू आहे. हा बँड आपली वाट सोडून दुसरीकडे वळला, याविषयी दुमत नाही. तो केव्हा वळला, याविषयी मात्र एकमत नाही.

२/
सर्वपरिचित उत्तर आहे १९९१. त्या वर्षी १२ ऑगस्टला बँडच्याच नावाचा अल्बम आला. मुखपृष्ठ जवळजवळ पूर्ण काळे, म्हणून सर्वांच्या तोंडी नाव रुळले 'ब्लॅक अल्बम'. त्याआधीच्या, १९८८ च्या अल्बममधील बहुतेक गाणी सहा ते दहा मिनिटांची, वेगवान आणि सतत ताल बदलणारी होती. आता 'एंटर सँडमन' साडेपाच मिनिटांत, एकाच ठसठशीत रिफभोवती आटोपले. 'नथिंग एल्स मॅटर्स'मध्ये तर वाद्यवृंद आणि प्रेमाची कबुली. अमेरिकेत या अल्बमच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

३/
जुन्या चाहत्यांनी याचे कारण एका शब्दात सांगितले : पैसा. निर्माता म्हणून बॉब रॉकची निवड त्यांना पुरावा वाटली, कारण मॉट्ली क्रूसारख्या चकचकीत बँडचा यशस्वी अल्बम त्याच्या नावावर होता. बँडच्या सदस्यांनी पुढे वेगळे कारण सांगितले. १९८८ ची लांबलचक गाणी दौऱ्यात रोज वाजवताना त्यांचीच दमछाक होई आणि समोरचा श्रोताही कंटाळलेला दिसे. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही साक्षी नोंदवाव्या लागतात. दोघांचाही त्यात हितसंबंध आहे.

४/
पण ही तक्रार १९९१ मध्ये जन्मली नाही. १९८४ च्या 'राइड द लाइटनिंग' या दुसऱ्याच अल्बममध्ये 'फेड टू ब्लॅक' हे गाणे होते. संथ लय, आरंभी अकूस्टिक गिटार, विषय निराशेचा. केवळ वेगावर पोसलेल्या श्रोत्यांपैकी काहींनी त्याच वेळी 'हे विकले गेले' असा शेरा मारला. बँड तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता.

५/
पुढे रेषा सरकतच गेल्या. व्हिडिओ काढण्यास वर्षानुवर्षे नकार देणाऱ्या बँडने १९८९ मध्ये 'वन'चा व्हिडिओ प्रदर्शित केला; काहींच्या मते फितुरी तेथे झाली. १९९६ मध्ये 'लोड' आला तेव्हा लांब केस गेले होते, डोळ्यांत काजळ आले होते आणि संगीत ब्लूजच्या अंगाने जात होते. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये गिटारचे सोलो गायब झाले आणि ड्रमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला.

६/
१९८४, १९८९, १९९१, १९९६, २००३. ही वर्षे शेजारी शेजारी मांडली की एक गोष्ट नजरेत भरते. श्रोता बँडच्या आयुष्यात जेव्हा आला, त्यानंतर थोड्याच अंतरावर बहुधा त्याची रेषा असते. 'मास्टर ऑफ पपेट्स' ऐकत वाढलेल्याला १९९१ खुपते. 'ब्लॅक अल्बम'ने या संगीतात आलेल्याला १९९१ मुळीच खुपत नाही. त्याचे भांडण १९९६ शी असते. सुवर्णयुगाचा शेवट ठरवताना चाहता नकळत स्वतःच्या सतराव्या-अठराव्या वर्षाचा शेवट नोंदवत असतो.

७/
भारतात हे अधिक स्पष्ट दिसते. १९९१ मध्येच उपग्रह वाहिन्या आल्या आणि स्टारच्या मार्फत एमटीव्ही शहरी घरांत पोहोचले. मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांची या बँडशी पहिली भेट 'एंटर सँडमन'च्या निमित्ताने झाली. कॅलिफोर्नियातील श्रोत्याला जो शेवट वाटला, तो यांचा आरंभ होता. १९८३-८४ चे अल्बम त्यांनी नंतर, कॅसेटी मिळतील तसे, उलट्या क्रमाने ऐकले. ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर बँडची भारतातील पहिली मैफल झाली, तेव्हा गर्दीत ही पिढीही होती. तिच्या स्मृतीत '१९९१ पूर्वीचा निष्पाप काळ' नव्हताच.

८/
मग हा सारा केवळ आठवणींचा खेळ म्हणावा काय? तसे नाही. ध्वनिमुद्रिका हा दस्तऐवज आहे. गाण्यांची लांबी मोजता येते, लय मोजता येते, आणि १९८८ व १९९१ यांतील फरक कोणत्याही कानाला कळतो. चाहत्यांची स्मृती बदलाच्या बाबतीत चुकत नाही. आपले काय हरवले, याचे नाव सांगताना ती चुकते.

९/
हरवले काय, हे समजण्यासाठी १९८२ कडे जावे लागते. बँडचा पहिला अल्बम निघण्याआधी 'नो लाइफ टिल लेदर' ही त्यांची नमुना-कॅसेट हातोहाती फिरली. श्रोते एकमेकांना पत्रे लिहीत, कॅसेटची नक्कल करीत आणि स्वतःच्या खर्चाने टपालाने पाठवीत. येथे श्रोता हाच वितरक होता. १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'ने व्हिडिओविना आणि रेडिओच्या फारशा आधाराविना अमेरिकेत ५ लाखांचा टप्पा गाठला, तो याच पायावर. १९९१ नंतर बँडला या टपालकऱ्यांची गरज उरली नाही. दुःख या नात्याचे होते; दोष संगीताला लागला.

१०/
म्हणूनच २००० सालचा घाव अधिक खोल गेला. बँडने नॅप्स्टर या संगीत-देवाणघेवाणीच्या सेवेवर दावा लावला आणि आपली गाणी वाटणाऱ्या ३ लाखांहून अधिक वापरकर्त्यांची यादी सादर केली. बँडच्या बाजूने युक्तिवाद होता : अपूर्ण गाणे परवानगीविना बाहेर गेले होते, आणि कॅसेटची नक्कल व संगणकावरील हुबेहूब प्रत यांत अंतर आहे. तरीही ज्याने पदरमोड करून कॅसेटी वाटल्या होत्या, त्याला त्या यादीत आपलेच तरुणपण आरोपी म्हणून उभे दिसले.

११/
चाहत्यांच्या आठवणीत आणखी एक तारीख आहे : २७ सप्टेंबर १९८६. स्वीडनमध्ये बँडची बस उलटून बासवादक क्लिफ बर्टन गेला, वय २४. 'क्लिफ असता तर हे झाले नसते,' हे विधान तेव्हापासून ऐकू येते. 'माधवराव जगते तर' या वाक्याशी त्याचे नाते उघड आहे. पण क्लिफ बाखच्या रचनांचा भक्त होता, स्वरसंगतीचा अभ्यासू होता, आणि 'फेड टू ब्लॅक' त्याच्याच काळातले आहे. तो असता तर बँड बदलला नसता, असे मानायला आधार नाही. त्या विधानात युक्तिवाद थोडा आहे, शोक पुष्कळ आहे. आणि शोकालाही इतिहासात जागा असते.

१२/
मागे वळून पाहण्याचा मोह बँडलाही झाला. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'साठी निर्माता रिक रुबिनने त्यांना ऐंशीच्या दशकातील मनोवृत्ती आठवायला सांगितली. लांब गाणी परतली, वेग परतला, अनेक रुसलेले श्रोतेही परतले. १९८६ मात्र परतले नाही. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणे नव्या किशोरांपर्यंत गेले, तेव्हा काही जुन्यांनी त्यांना उपरे ठरवले. बँडने मात्र नव्यांचे जाहीर स्वागत केले.

१३/
'आता पूर्वीसारखे राहिले नाही' ही साक्ष इतिहासाच्या अभ्यासकाला पुन्हा पुन्हा भेटते : बखरीत, आत्मचरित्रात, आजोबांच्या गप्पांत. ती खोटी म्हणून बाजूला सारणे सोपे, आणि जशीच्या तशी स्वीकारणे त्याहून सोपे. खरे काम दोन प्रश्न वेगळे करण्याचे आहे. दस्तऐवजात काय बदलले? आणि सांगणाऱ्याच्या आयुष्यात त्याच सुमारास काय संपले?

१४/
उत्तर पडताळायला एक गाणे पुरेसे आहे. १९८४ मध्ये ज्याच्यावर विकले गेल्याचा शिक्का बसला, ते 'फेड टू ब्लॅक' आज अस्सल, जुन्या मेटालिकाचा नमुना म्हणून ऐकवले जाते. त्यातला एकही सूर बदललेला नाही.