कट्टा, दोरी आणि पाणी

मुंबईत दादरच्या पश्चिमेस, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर शिवाजी पार्कचे विस्तीर्ण मैदान आहे आणि त्याला चोहोबाजूंनी एका सलग कट्ट्याने वेढलेले आहे. या कट्ट्याचा घेर सुमारे १.१७ किलोमीटर भरतो. महापालिकेने १९२५ साली हे मैदान सिद्ध केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. पुढे १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याला शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले. सभा आणि क्रिकेट यांमुळे हे मैदान महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पहाटेचे शिवाजी पार्क मात्र त्याहून निराळे असते. साडेपाच ते साडेसात या वेळात येथे वडीलधाऱ्यांचे राज्य असते. कानटोपी घातलेले गृहस्थ, नऊवारीवर पांढरे बूट चढवलेल्या आजीबाई, काठी न टेकता नुसतीच बगलेत धरून चालणारे कुणी निवृत्त मास्तर, असे सारे एकामागून एक कट्ट्याच्या कडेने फेऱ्या घालत असतात. थंडीच्या दिवसांत वारा सुटला की मैदानातली तांबडी माती उडते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी अशा वेळी मैदानाच्या आतील भागात न जाणे बरे.

निवृत्त झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी येथे धावू लागले. त्यास आता दहा वर्षे झाली. माझे धावणे हौसेचे आहे. आठवड्यातून तीन दिवस पाच फेऱ्या, म्हणजे सहा किलोमीटरांना थोडे कमी, आणि वर्षातून एखादी दहा किलोमीटरांची शर्यत, एवढाच त्याचा पसारा. माझी शाळासोबतीण शेजारच्याच इमारतीत राहते. तिने या दहा वर्षांत माझ्या धावण्याचे कौतुक पुष्कळ केले, परंतु स्वतः कधी बूट घातले नाहीत. गेली सहा वर्षे तिच्या यजमानांना कंपवाताचा विकार आहे. त्यांचे औषध, अन्न, अंघोळ, फिरणे हे सारे तीच पाहते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ते पलंगावरून घसरून खाली बसले. दुखापत काही झाली नाही. परंतु त्यांना उठवणे तिला जमेना. अर्धा तास प्रयत्न करून अखेरीस तिने खालच्या रखवालदाराला उठवून आणले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू दहा-दहा किलोमीटर धावतेस ना गं? मग मला इतकंच सांग, बहात्तर किलोचा माणूस जमिनीवरून उठवायचा कसा?"

माझ्या धावण्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे मी तेव्हा पुन्हा काढून वाचली. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, हा त्यांतला पहिला भाग बहुतेकांना माहीत असतो. पुढचा भाग आपण सोडून देतो. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर किमान तीन दिवस तोल व ताकद या दोहोंना एकत्र कामाला लावणारी हालचाल, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. चालणे व धावणे हृदयाला उत्तम. पण खाली बसणे, वर उठणे, ओढणे, धरून ठेवणे यांचा सराव त्यात होत नाही. तेव्हा आम्ही दोघींनी ठरवले की शिवाजी पार्कच्या परिसरात जे जे शिकण्याजोगे आहे, ते एकेक करून पाहावे. आपण कशासाठी शिकतो आहोत याविषयी तिच्या मनात जराही संदिग्धता नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वजन घटवण्याच्या संकल्पाला ही धार येत नाही.

आरंभ कट्ट्यापासूनच केला. एवढी वर्षे ज्याच्या कडेने धावले, तो कट्टा हेच एक व्यायामाचे साधन आहे, हे तिच्यामुळे ध्यानात आले. कट्ट्यावर बसावे, हात छातीशी दुमडावेत आणि हातांचा आधार न घेता उभे राहावे. पुन्हा सावकाश बसावे. 'सावकाश' हा शब्द येथे कळीचा आहे, कारण बसताना अंग सोडून दिले की मांड्यांना काही कामच उरत नाही. पहिल्या दिवशी तिचे सहा वेळा झाले. त्यानंतर एका हाताने कट्टा धरून एका पायावर उभे राहणे. भोवतालचे नेहमीचे फिरणारे प्रथम कुतूहलाने पाहत. आठवडाभरात त्यांतले तिघे आमच्या शेजारी एका पायावर उभे राहू लागले.

मैदानाच्या कडेलाच श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. मल्लखांबासाठी या संस्थेचे नाव सर्वदूर आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर भरली, तीही याच संस्थेच्या पुढाकाराने. येथे अनेक दशके मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावर मुलगे आणि टांगलेल्या दोरीवर मुली कसरती करत असतात. दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात पकडून एखादी दहा वर्षांची पोर सरसर वर जाते आणि वर जाऊन निवांत पद्मासन घालते, तेव्हा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. माझी मैत्रीण ते दृश्य बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आपल्याला वर नाही जायचं. पण ती पकड मला हवी आहे."

आम्हाला मल्लखांब शिकवणाऱ्या एक ताई भेटल्या. तिशीतल्या, मितभाषी. त्यांनी दोघींची विचारपूस केली, रक्तदाब आणि सांधे यांविषयी डॉक्टरांचे म्हणणे काय आहे ते ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "आजी, दोरी नंतर. आधी दोघी जमिनीवर मांडी घालून बसा, आणि हात न टेकता उठून दाखवा."

मला ते जमले नाही. एक हात टेकला, मग गुडघाही टेकावा लागला. माझी मैत्रीण मात्र एकच हात जेमतेम टेकून उठली. रोज देवापुढे खाली बसणारी, भाजी जमिनीवर बसून निवडणारी ती. आणि खुर्ची, मोटार, टेबल यांतून दिवस काढणारी मी. धावण्याची दहा वर्षे त्या क्षणी काही कामास आली नाहीत.

या बसण्या-उठण्याची एक रीतसर चाचणी आहे. ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉडिओ आराउजो यांनी ती रूढ केली. बसण्याचे पाच व उठण्याचे पाच असे दहा गुण. हात, गुडघा वा कोपर टेकल्यास प्रत्येकी एक गुण वजा, तोल डळमळल्यास अर्धा. ५१ ते ८० वर्षे वयाच्या दोन हजारांहून अधिक लोकांचा त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हे वाचून घाबरून जाऊ नये. या चाचणीतून ताकद, लवचीकपणा आणि तोल यांची एकत्रित पाहणी होते, आणि या तिन्ही गोष्टी म्हातारपणीही वाढवता येतात. गुडघा वा खुबा बदललेल्यांनी, हाडे ठिसूळ असलेल्यांनी ती घरी एकट्याने करून पाहू नये, एवढे पथ्य पाळावे.

दोरीची पाळी तिसऱ्या आठवड्यात आली. पाय जमिनीवरच ठेवायचे, दोन्ही हातांनी दोरी धरायची, टाचांवर भार देऊन अंग किंचित मागे झुकवायचे आणि पुन्हा स्वतःला ओढून सरळ करायचे. एवढेच. दिसायला हे पोरखेळासारखे आहे. दहा आवर्तनांनंतर तळहात भाजल्यासारखे झाले आणि दुसऱ्या दिवशी पाठीतले कुठले कुठले स्नायू बोलू लागले. सारे काही 'एक, दोन, तीन, चार' अशा आकड्यांवर चालते. त्या आकड्यांनी मैत्रिणीला अनपेक्षित असे काही दिले. कंपवातात रुग्णाचे पाय चालता चालता, विशेषतः दाराच्या चौकटीपाशी, जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी ओढण्याने उपयोग होत नाही. लयबद्ध आकडे मोजले, किंवा जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायला सांगितली, तर पुष्कळदा पाऊल सुटते. डॉक्टरांनी तिला हे पूर्वी सांगितले होते, पण घाईत विसरायला होई. आता तिच्या तोंडी आकडे आपोआप येऊ लागले.

मूळ प्रश्नाचे उत्तरही ताईंनीच दिले. "उचलायचं नाहीच मुळी, आजी. त्यांना उठायला मदत करायची." पडलेल्या माणसाला प्रथम तसेच राहू द्यावे. डोक्याला मार, खुब्यात वा मानेत वेदना, शुद्धीत फरक, पाय वाकडा वा आखूड दिसणे, यांपैकी काहीही असल्यास अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोके आपटले असल्यास हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. असे काही नसेल, तर माणसाला कुशीवर वळवावे, मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर रांगत्या स्थितीत आणावे. समोर भक्कम खुर्ची ठेवावी. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर टेकावेत, जो पाय बळकट तो पुढे घ्यावा आणि जोर देऊन उठावे. पाठीमागे दुसरी खुर्ची सरकवून त्यांना तीवर बसवावे. मदत करणाऱ्याने काखेत हात घालून ओढू नये, त्याने रुग्णाचा खांदा आणि आपली कंबर दोन्ही दुखावतात. गुडघे वाकवून, रुग्णाच्या अगदी जवळ राहून केवळ कमरेशी आधार द्यावा. आम्ही दोघींनी हे व्यायाम मंदिरातल्या सतरंजीवर आळीपाळीने पडून, किमान वीस वेळा केले. भोवतालच्या मुलांना आमची ती नाटके फार आवडली.

पाण्याचे प्रकरण थोडक्यात सांगते. शिवाजी पार्कजवळच महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. मला तेथे आनंद झाला, तिला नाही. कमरेएवढ्या पाण्यात अंगाचे वजन निम्म्यावर येते, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनाही पाण्यात चालणे सोसवते, हे खरे आहे. सांधेदुखी असलेल्यांना मी तलाव अवश्य सुचवीन. परंतु तिला पाण्याची भीती, ओले केस वाळवण्याचा वेळ नाही, आणि हाडांना बळकटी येण्यासाठी त्यांच्यावर भार पडावा लागतो, तो पाण्यात फारसा पडत नाही. चार दिवसांनंतर ती म्हणाली, "तू पोह, मी काठावर बसते." मी आठवड्यातून एकदा पोहते, गुडघ्यांना विसावा म्हणून. एकीला रुचलेला व्यायाम दुसरीला रुचलाच पाहिजे असे नाही, आणि मैत्रिणीच्या आग्रहाखातर केलेला व्यायाम महिनाभरही टिकत नाही, असे माझे मत आहे.

खरी अडचण व्यायामाची नव्हतीच. ती सकाळच्या दीड तासाची होती. तेवढ्या वेळात यजमानांपाशी कोण? शुश्रूषा करणाऱ्या बहुतेक स्त्रिया येथेच थांबतात. मुलगा परदेशी, कामाची बाई आठला येते. अखेरीस मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी, तेही सत्तरीचे, सोमवार, बुधवार व शुक्रवार सहा ते साडेसात येऊन बसण्याचे आपणहून कबूल केले. दोघे मिळून वर्तमानपत्र वाचतात. ही व्यवस्था बसायला दीड महिना लागला, दोरीपेक्षा कितीतरी अधिक.

मार्गशीर्षात ते पुन्हा एकदा घसरले, या वेळी दिवसा, स्वयंपाकघरात. तिने दोन खुर्च्या ओढल्या आणि आकडे मोजले. सात-आठ मिनिटे लागली. रखवालदाराला बोलवावे लागले नाही. हे तिने मला दुसऱ्या दिवशी, दोरी हातात असताना, अगदी सहज सांगितले.

रविवारी आता ते दोघेही येतात. दादर स्थानकाकडून येणाऱ्यांनी रिक्षाच्या शोधात वेळ घालवू नये, बेटावर रिक्षा चालत नाहीत. टॅक्सी घ्यावी आणि मैदानाच्या दाराशीच उतरावे. सातच्या सुमारास कोवळे ऊन कट्ट्यावर येते. यजमानांना ती आधी बसवते, चाकाची खुर्ची झाडाखाली लावते आणि शेजारी बसून-उठून आपला व्यायाम करते. आकडे ते मोजतात. मुलांच्या क्रिकेटच्या सरावात एखादा चौकार बसला की मोजणी चुकते आणि तिला एक-दोन उठाबशा जास्तीच्या पडतात. गेल्या रविवारी तिच्या अठरा झाल्या.