ट्रॉलीमागचा लाल डोळा

वाहनांत माणसाने किती सुधारणा केल्या! पूर्वी मोटार सुरू करायची म्हणजे पुढून लोखंडी हँडल घालून जोराने फिरवावे लागे. ते उलटे फिरले की हातच मोडायचा. मग चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियराने विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर तयार केला. तो १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीला बसवला गेला. पुढे १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीत निल्स बोलीन यांनी तीन ठिकाणी धरणारा सीटबेल्ट केला. कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही वापरायला मोकळे ठेवले. केवढे मोठे मन!

चोरी होऊ नये म्हणून गाडीला कुलूप आले. आपल्या तालुक्यातील शनिशिंगणापूरची घरे बिनदाराची म्हणून प्रसिद्ध आहेत. पण तिथे दर्शनाला येणाऱ्या गाड्यांना मात्र कुलूप असतेच, बरे का!

यावर मी एक विचार केला. कुलूप मालकासाठी, सेल्फ चालवणाऱ्यासाठी, बेल्ट आत बसणाऱ्यासाठी. मग मागून येणाऱ्या परक्या माणसासाठी गाडीवर काय असते? एक लहानसा लाल रिफ्लेक्टर. मला तर हाच शोध सगळ्यांत मोठा वाटतो.

आपल्या नेवासे तालुक्यात सोनईला आणि भेंड्याला साखर कारखाने आहेत. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या रात्रंदिवस ऊस वाहतात. माझे अण्णा ट्रॅक्टर चालवतात. मागे दोन ट्रॉल्या असतात. अण्णा रात्री नंबरला गेले की आई दोनदा तरी उठून रस्त्याकडे बघते.

मागच्या हंगामात आमच्या वस्तीवरचा एक दादा मोटारसायकलवरून रात्री घरी येत होता. रस्त्यात टायर फुटलेली उसाची ट्रॉली उभी होती. तिच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने दादाचे डोळे दिपले आणि तो थेट उसावर आदळला. त्याचा पाय मोडला. तीन महिने तो खाटेवर पडून होता. त्याच्या घरची कांद्याची लागवड शेजाऱ्यांनी मिळून केली. दादा म्हणतो, “अंधारात नुसता अंधारच दिसला रे, ट्रॉली काही दिसलीच नाही.”

ट्रॉलीच्या दिव्याचे काय होते, ते मी पाहिले आहे. खड्ड्यातून गेली की वायर तुटते. बल्ब उडतो. रिफ्लेक्टरला वायर नाही, बल्ब नाही, बॅटरीही नाही. मग तो चमकतो कसा? गुरुजींनी आम्हाला फुटका रिफ्लेक्टर दाखवला. त्यात मोहोळाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरे होती. प्रत्येक घराला तीन बाजू, खोलीच्या कोपऱ्यासारख्या एकमेकींना काटकोनात. उजेड त्या तिन्ही बाजूंवर आपटतो आणि जिकडून आला तिकडेच परत जातो. गुरुजींनी तीन चौकोनी आरसे तसेच जोडून दाखवले. डावीकडून पाहा की उजवीकडून पाहा, मधल्या कोपऱ्यात आपलाच डोळा दिसतो, तोही उलटा! आम्हाला फार गंमत वाटली.

हीच युक्ती चंद्रावरही आहे. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे अशा १०० काचेच्या कोपऱ्यांची एक पेटी ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण तिच्यावरून परत येतो आणि चंद्राचे अंतर मोजता येते. २०२३ साली आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरबरोबरही असाच छोटा परावर्तक चंद्रावर उतरला. जी वस्तू चंद्रावर चालते, ती आपल्या ट्रॉलीला का नको?

इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायच्या, उजेड परत पाठवणाऱ्या खुणांचे पेटंट घेतले. त्यांना ‘कॅट्स आय’ म्हणजे मांजराचे डोळे म्हणतात. उजेड पडला की आपल्या बैलांचे डोळेही तसेच चमकतात. म्हणून समोरून येणाऱ्याला बैलगाडी कळते. पण मागून येणाऱ्याला कोण सांगणार? तिथे डोळा आपणच लावला पाहिजे.

नुसता लावूनही भागत नाही. चिखल बसला, धूळ बसली की तो आंधळा होतो. ऊस जास्त भरला की वाढे खाली लोंबतात आणि तो झाकला जातो. म्हणून हंगामात रोज संध्याकाळी मी ओल्या फडक्याने दोन्ही ट्रॉल्यांचे रिफ्लेक्टर पुसतो. लोंबणारी वाढे अण्णा कोयत्याने छाटतात. मग मी लांब जाऊन बॅटरीचा झोत टाकतो. लाल डोळे चमकले की ओरडतो, “दिसतंय, अण्णा!” मगच ट्रॅक्टर हलतो.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या मागे जाऊन एकदा बघा. तो डोळा आपल्याला दिसत नाही, कारण आपण पुढे बसतो. पण मागून कोणाचे तरी अण्णा, कोणाचा तरी दादा येत असतो.

(इयत्ता सातवी)